तोकुझोचं इंजिन ओळखणारी अस्वलीण

मासेमारी सोडून तोकुझोनं जपानमधल्या उतोरो बंदरात पर्यटकांना अस्वलं दाखवायची बोट घेतली, पण स्वभावातला संशय काही सुटला नाही. या मोसमात त्याला घोर लागला होता तो मानेवर पांढरा पट्टा असलेल्या अस्वलिणीचा. बाकीची अस्वलं बोटीकडे ढुंकूनही बघत नसत. ही मात्र बोट आली की पाण्यापर्यंत उतरे. लोक धडाधड फोटो काढत, पण तोकुझोला पुढचं दिसे. माणसाकडून खायला मिळतं हे कळलेलं अस्वल एक दिवस गावात शिरतं, आणि मग बंदूकवाल्यांना बोलावतात.

कुणीतरी तिला खायला टाकत होतं. तोकुझोचा संशय मेहुण्यावर, इवाओवर होता. त्याचीही बोट होती. अस्वल दिसलं की वायरलेसवर सगळ्यांना सांगायची बंदराची रीत तो हल्ली पाळत नव्हता.

"काय रे, किनाऱ्यावर माशांची आतडी टाकतोस ना?" तोकुझोनं त्याला धक्क्यावरच गाठलं.

"दाजी, वायरलेस बिघडलाय म्हणून गप्प आहे, तर चोर ठरलो होय?"

"उद्या माझ्यापुढे चल. बघतोच."

"चला की! पण मी सुटलो तर ताईच्या हातचं सॅमनचं कालवण मला. तुम्हाला नुसता वास."

सकाळी दोघं प्रवासी घेऊन निघाले. तोकुझो खडकाआड इंजिन बंद करून थांबला. किनाऱ्यावर अस्वलीण दगड उलथत होती. इवाओची बोट समोरून गेली, तरी तिनं मान वळवली नाही. 'लबाड! आज मुद्दामच काही टाकत नाही,' असं म्हणत तोकुझोनं इंजिन सुरू केलं. धडधड ऐकताच ती उठली आणि थेट त्याच्या दिशेनं पाण्यात शिरली.

इवाओनं बोट वळवून जवळ आणली. "दाजी, ही तुमचं इंजिन ओळखते! इथं काय टाकता तुम्ही?"

तोकुझोनं खडकाळ किनारा समुद्रात घुसतो त्या टोकाकडे पाहिलं. याच टोकापाशी त्याचे वडील बुडाले होते. रोज पहिल्या फेरीला तो त्यांच्या नावानं सॅमनचं एक मुंडकं समुद्रात सोडी. लाटा ते कुठं नेतात, हे त्यानं कधी वळून पाहिलं नव्हतं.

अस्वलीण पोटापर्यंत पाण्यात आली होती. प्रवासी कॅमेरे घेऊन कठड्याला चिकटले. तोकुझोनं भोंगा दाबला, तो दाबूनच धरला.

"अहो, पळेल ना ती!" एक बाई कळवळली.

"पळायलाच हवी!"

अस्वलीण थबकली. परत फिरताना दोनदा थांबून तिनं बोटीकडे पाहिलं. तोकुझोनं भोंगा सोडला नाही.

दुसऱ्या दिवसापासून तो टोक येण्याच्या बऱ्याच आधीपासून भोंगा वाजवत जाऊ लागला, रिकाम्या हातानं. फोटोवाली मंडळी वैतागून इवाओच्या बोटीत बसू लागली.