आधी चिंचोके, मग फासा

महाशिवरात्रीनंतरचा रविवार, दुपारचे तीन. जागा विठ्ठलवाडीची, एसटी डेपोमागच्या इमारतीतलं तळमजल्याचं घर. हजर चौघं: ताई, हरीशभाई, वैशाली आणि मी. माझ्याकडे चिंचोके दहा, वैशालीकडे चार, हरीशभाईंकडे एकही नाही. तो आमचा शेवटून दुसरा रविवार होता आणि हरीशभाई त्या दिवशी कोणाशी बोलत नव्हते. त्याचं कारण मी होतो.

ताई एसटीत कंडक्टर होत्या. मुलगी नोकरीला बंगळूरला गेली आणि तिचे गेमचे फासे नि पुस्तकं मागे राहिली. ती ताईंनी वाचली आणि आम्हाला जमवलं. गेम टेबलावर बसून खेळायचा. एकजण गोष्ट चालवतो, बाकीचे त्या गोष्टीतली माणसं होतात, आणि एखादी गोष्ट साधली की फसली हे वीस बाजूंचा फासा ठरवतो. पुस्तकातले जादूचे नियम ताईंना पटले नाहीत. "यात जादूगार झोपून उठला की सगळं परत भरलेलं. असं कुठे असतं का?" असं म्हणून त्यांनी दोनशे पानी वहीत घरचे नियम लिहिले.

पहिला नियम असा: जादूची किंमत आधी द्यायची, फासा नंतर टाकायचा. किंमत चिंचोक्यांत. ते स्टीलच्या वाटीत वाजले पाहिजेत, तोवर ताई फाशाला हात लावू देत नसत. जादू फसली तरी चिंचोके परत नाहीत. वैशाली अंबरनाथला एका कारखान्याच्या लॅबमध्ये आहे, तिने एकदा कुरकुर केली. ताई म्हणाल्या, "तिकीट काढलं म्हणजे सीट मिळतेच असं नाही, बाई."

चिंचोके कमी पडले तर दुसरी सोय होती, आणि ती आम्ही तीन वर्षांत कोणी वापरली नव्हती. आपल्या पात्राची एखाद्याशी असलेली ओळख द्यायची. प्रत्येक पात्राच्या पानावर ताई लिहून ठेवत, कोण कोणाबरोबर कुठे होतं. एका खेळाची एक ओळ, एक ओळ म्हणजे एक चिंचोका. पण द्यायची तर त्या माणसाची सगळी ओळख द्यायची. ताई त्या ओळी खोडणार आणि पुढे तुमचं पात्र नि ते माणूस एकमेकांना अनोळखी.

माझं पात्र जादूगार, नाव भैरू. हरीशभाईंचं पात्र नावाडी. हरीशभाईंचं कॅम्प दोनच्या बाजारात पडद्यांच्या कापडाचं दुकान आहे. गिऱ्हाइकाशी सिंधीत, आमच्याशी हिंदी-मराठीत, आणि नावाडी झाले की शुद्ध मराठीत. नावाड्याला जादू येत नव्हती. पण आमची सगळी गोष्ट नदीकाठची, त्यामुळे त्याच्यावाचून कोणाचं पान हलत नव्हतं.

मी अंबरनाथला एका कंपनीत अकाउंट्स बघतो. नियम दिसला की बेरीज करून पाहायची मला सवय आहे. ताईंच्या वहीत एक नियम होता: सोबत्याने हात दिला तर किंमत दोघांत निम्मी, अपूर्णांक सोडून द्यायचा. एका बुधवारी जेवताना माझ्या लक्षात आलं की छोटी ज्योत पेटवायला एक चिंचोका लागतो. एकाचा अर्धा, अपूर्णांक सोडला, राहिलं शून्य. म्हणजे वैशालीने हात दिला की ज्योती फुकट, हव्या तितक्या.

रविवारी मी तो नियम मोठ्याने वाचून दाखवला. ताईंनी वही आपल्याकडे वळवली, दोनदा वाचलं.

"बरोबर आहे," त्या म्हणाल्या. "मीच लिहिलंय. पेटवा."

मी किल्ल्याचा दरवाजा जाळला. पुढच्या खेळात नदीचा फाटा आटवला. किती ज्योती, किती दिवस, याचा हिशेब मी कागदावर करून नेला होता. वाटीत एकदाही काही वाजलं नाही. हरीशभाई नकाशाकडे बघत होते.

"और मेरी नाव, साहेब? चिखलात उभी करू?"

मी हसलो. त्यांनी ताईंना सांगितलं, "ताई, बदला ना ये रूल."

"चालू गाडीत भाडं बदलत नाही, हरीशभाई. गोष्ट संपली की बदलेन."

मी नियम वाचून दाखवला त्याच संध्याकाळी गेटपर्यंत सोडायला आल्या तेव्हा ताईंनी मला विचारलं होतं, "हे तुम्हाला आज सुचलं?"

"बुधवारी."

"बुधवारी फोन करता आला असता. आपण खेळाआधी दुरुस्त केलं असतं." एवढंच बोलून त्या आत गेल्या. ऑफिसात चूक सापडली तर मी ऑडिटच्या आधी सांगतो. इथे मी चार दिवस ती खिशात ठेवून बसलो होतो. बेलवलीला घरी पोचेपर्यंत ते माझ्या डोक्यातून गेलं नाही.

ताई महिनाअखेर निवृत्त होऊन गावी जाणार होत्या. वहीतला दुसरा नियम होता की एकही माणूस गैरहजर असेल तर गोष्ट पुढे जाणार नाही. महाशिवरात्रीनंतरच्या त्या रविवारी हरीशभाईंनी सगळी दुपार न बोलता काढली आणि उठताना म्हणाले, "पुढच्या वेळी माझं नक्की नाही." ते आले नाहीत तर तीन वर्षांची गोष्ट तिथेच राहणार होती. ताईंनी त्यांना थांबवलं नाही. त्यांनी फासे डब्यात भरले.

गुरुवारी मी दुकानात गेलो.

"मी ती युक्ती वापरणार नाही, हरीशभाई."

"मेहेरबानी नको, साहेब." त्यांनी कापडाचा तागा गुंडाळून ठेवला. "गणित तुमचं बरोबर आहे. पण त्या गणितात मला काम नाही. तीन वर्षं मी तुम्हाला पाण्यातून नेलं, तुम्ही पाणीच काढून टाकलं."

मी निघालो. ते मागून म्हणाले, "आऊंगा. ताईंच्यासाठी."

शेवटच्या रविवारी ताईंनी सुरुवातीलाच मला विचारलं, "फाट्याचं पाणी कुठे गेलं?"

"वाफ झाली."

"आणि वाफ डोंगराला अडली." त्यांनी नकाशावर बोट ठेवलं. डोंगरावरून लोंढा येत होता. आटलेल्या फाट्यात गावाचे चाळीस लोक उतरले होते, कोरडी वाट आहे म्हणून. नावाडी नाव घेऊन त्यांच्यात होता, मी त्याच्याशेजारी. वैशाली पलीकडच्या काठावर, हात देता येणार नाही इतकी लांब. ज्योतींनी लोंढा थांबत नाही. लोक नावेत चढेपर्यंत पाणी रोखून धरायची जादू होती, तिची किंमत चाळीस.

माझ्याकडे दहा होते. मी सगळे वाचवले होते.

मी माझं पान पाहिलं. भैरूच्या गुरूच्या ओळी सहा, बहिणीच्या नऊ. दोन्ही दिल्या तरी पंधरा कमी. नावाड्याच्या ओळी तीस.

हरीशभाईंनीही पान पाहिलं. "हात मी देतो," ते म्हणाले. "आधा-आधा. वीस तुमचे, वीस माझे."

त्यांच्याकडे चिंचोके नव्हते. त्यांच्या पानावर वीसच्या वरची ओळख एकच होती, भैरूची.

"नको," मी म्हणालो. "पाणी मी आटवलं."

"काका, फासा फसला तर?" वैशालीने विचारलं.

ताईंनी वाटी पुढे सरकवली. मी दहा चिंचोके टाकले. मग त्यांनी पट्टी घेतली आणि एकेक ओळ खोडायला लागल्या. तीस ओळींना वेळ लागला. कोणी चहाला हात लावला नाही. शेवटची ओळ खोडून त्यांनी फासा माझ्या हातात दिला. अकरा किंवा जास्त हवे होते.

चौदा पडले.

पाणी उभं राहिलं. नाव चार खेपांत भरून गेली. पाचव्या खेपेला मी एकटाच उरलो होतो. हरीशभाई नावाड्याच्या आवाजात म्हणाले, "कोण रे तू?"

"भैरू. तुम्ही कोण?"

"नावाडी. बस लवकर."

"माझ्याकडे द्यायला काही नाही."

"बस म्हटलं ना."

ताईंनी वही मिटली नाही. मागचं पान काढून त्यांनी तो नियम आमच्यासमोर दुरुस्त केला: अपूर्णांक वरचा पूर्ण धरायचा. "आता गाडी डेपोत आली," त्या म्हणाल्या. वही हरीशभाईंना दिली. पुढच्या आठवड्यात त्या गावी गेल्या. आता आम्ही दुकानाच्या माळ्यावर खेळतो. नियमात चूक दिसली तर मी त्याच दिवशी फोन करतो.

शेवटी दिलं ते असं: वाटीला दहा चिंचोके, ताईंच्या वहीला तीस ओळी. नावाड्याने भाडं घेतलं नाही.