मल्हारी मिस्त्री आणि एक खमकं कुत्रं

कारेगावात कंपन्या आल्या तशी अक्कलही बाहेरूनच येऊ लागली. मल्हारी मिस्त्रींची मात्र वरवंडहून येताना सोबत आणलेली होती. त्यामुळे तिला फारसं गिऱ्हाईक नव्हतं.

त्यांचे वडील मेंढरं घेऊन रानोमाळ फिरले. मिस्त्री गॅरेज टाकून एका जागी बसले, पण हाताची सवय गेली नाही. गाडी आली की आधी बॉनेटवर तळवा ठेवून ते इंजिनाची थरथर अजमावत, आजारी मेंढीच्या कुशीवर ठेवावा तसा. ज्या गाडीत आपण बसणार नाही ती गॅरेजबाहेर काढायची नाही, हा त्यांचा एकुलता एक नियम. बावीस वर्षं त्यांनी तो पाळला. मग दोन हजार तीन साली जयसिंग आला.

जयसिंगने जुनी पांढरी एस्टीम घेऊन तिला शर्यतीची कळा आणली होती. तिच्या आवाजाने गावातल्या म्हशी दूध चोरू लागल्या होत्या. अडचण एवढीच, की जोरात पाय दिला की इंजिन मागे कलायचं आणि दुसरा गिअर पडायचा नाही. इंजिन आणि गिअरबॉक्स ज्या तीन रबरी ठोकळ्यांवर बसवलेले असतात त्यांना गॅरेजमध्ये फाउंडेशन म्हणतात. जयसिंगने कंपनीतल्या मित्राकडून लेथवर ॲल्युमिनियमचे तीन ठोकळे करून आणले.

"रबर काढून टाका, मिस्त्री. तिन्ही कडक पाहिजेत. पुण्याची पोरं असंच करत्यात."

"मागचं एक कडक करू. इंजिन कलतंय ते त्याच्यावरच," मिस्त्री म्हणाले. "बाकी दोन्हीला नवं रबर घालू. कळपाला खमकं कुत्रं एकच लागतं. समदी कुत्रीच केली तर मेंढरू कुठाय?"

"मेंढरं तुमच्या आबांच्या टायमाला व्हती. ही स्पोर्ट गाडी हाय."

जयसिंगची आई अनसाबाई बाजार करून शेजारी खोक्यावर बसल्या होत्या. त्या बशीतला चहा फुंकत राहिल्या.

जयसिंग दुसऱ्या गॅरेजला गेला असता तर त्याच्यामागून गावातली सगळी पोरं गेली असती. मिस्त्रींनी तिन्ही ठोकळे बसवले. गाडी बाहेर पडली तेव्हा ते तिच्यात बसले नाहीत. संध्याकाळी जेवलेही नाहीत, पण त्याची दखल घेण्याइतकं ते स्पोर्ट नव्हतं.

पुढच्या सोमवारी सोमवती अमावस्या होती. अनसाबाईंचा नवस होता, घरचे देव जेजुरीला भेटीला न्यायचे. सकाळी गाडी गॅरेजसमोर थांबली, कारण आरसा गळून पडला होता. इंजिन चालूच होतं. मागच्या सीटवर अनसाबाई, मांडीवर टोपलीत देवांचे चांदीचे टाक. टाक एकमेकांवर खणखणत होते. अनसाबाईंच्या बांगड्या थरथरत होत्या, हनुवटी थरथरत होती, मान डोलायला लागली होती.

"देव आला!" रस्त्यावरून कुणीतरी ओरडलं. क्षणात गर्दी जमली. कुणी चपला काढल्या, कुणी भंडारा उधळला. शिफ्ट सुटून आलेले दोन बिहारी कामगारही हात जोडून उभे राहिले.

जयसिंगचा स्पोर्ट पार उतरला. "काय चुकलं, देवा?"

"समदी... कु-कु-कुत्रीच... केलीस," अनसाबाईंचा आवाज हादरे खात आला. "मेंढरू... कु-कुठाय?"

मिस्त्रींनी बॉनेटवर तळवा ठेवला. मग खिडकीतून हात घालून त्यांनी चावी फिरवली.

देव लगेच गेला.

गर्दीतून आदराची कुजबुज झाली. देवाला एवढ्या झटक्यात पाठवणारा माणूस गावात आहे हे कुणाला माहीतच नव्हतं.

"मिस्त्री, काय म्हणत व्हता देव?"

"मागचं कडक राहू दे म्हणतोय. बाकी दोन्हीला रबर, इंजिनाला आन् गिअरबॉक्सला."

"मग बघताय काय! घाला की आत्ताच!"

माणसाने सांगितलेलं पटायला देवाची सही लागते, एवढंच. दुपारपर्यंत दोन ठोकळे निघाले, दोन नवी रबरं बसली. मिस्त्री स्वतः फाट्यापर्यंत चालवून आले. दुसरा गिअर लोण्यात सुरी जावी तसा पडला. टाक टोपलीत निवांत पडून होते.

टोपली पुन्हा अनसाबाईंच्या मांडीवर ठेवताना मिस्त्रींनी हळूच विचारलं, "काकू, खरंच आलता का देव?"

"मला काय ठावं? मी त्या दिशी हितं खोक्यावर चहा पीत व्हते," अनसाबाई म्हणाल्या. "तू बस की म्होरं. का अजूनबी ह्या गाडीत बसायचं न्हाई तुला?"

मिस्त्रींनी हात पुसले, गॅरेजचं शटर ओढलं आणि पुढचं दार उघडून बसले.