गेलेल्या माणसाशी भांडण

माझ्या नवऱ्याला जाऊन दीड वर्ष झालं. अजूनही मी त्याच्यावर रागावते आणि हे सांगायची मला आता लाज वाटत नाही.

आधी वाटायची. आम्ही लातूरकडचे; त्याच्या नोकरीमुळे मुळशीत, मुठा गावात भाड्याने राहायला आलो. मी शाळेत मराठी शिकवते. तो गेल्यावर भेटायला येणाऱ्यांना मी एकच वाक्य सांगत असे, "शांतपणे गेला." दुःखावरची पुस्तकं आणली, पेन्सिलीने खुणा करत वाचली. रागाबद्दलची पानं मात्र तशीच उलटली.

आमच्या घरमालकीणबाईंना मी मावशी म्हणते. त्यांचे यजमान चार वर्षांपूर्वी गेले. रोज सकाळी धार काढताना त्या त्यांना झापतात. "मोटर दुरुस्त करतो म्हणालात आन् निगून गेलात. मिरचीला पानी कशानं घालू, तुमच्या टोपीनं?" पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं, गोठ्यात कुणी पाहुणा आहे. इकडे मयताच्या वेळी बायका रडता रडता गेलेल्याला बोल लावतात. मावशींनी ते पुढेही चालू ठेवलं होतं. मला ते अडाणीपणाचं वाटे.

एका रविवारी मी त्याचे शर्ट देऊन टाकायला काढले. मावशी घड्या घालायला आल्या होत्या. एका खिशात डॉक्टरांची चिठ्ठी निघाली : लगेच ईसीजी काढा. तारीख तो जाण्याच्या तीन आठवडे आधीची. मला म्हणाला होता, पित्त आहे. मी चिठ्ठी घडी करून पुन्हा खिशात ठेवली.

"काय लिवलंय?" मावशींनी विचारलं. मी सांगितलं.

"आन् गप बसलाय? बोला की त्येला."

"गेलेल्या माणसाला काय बोलायचं, मावशी?"

"बोलायचं. ऐकू येत न्हाई ते सोडा. आमच्याला जित्तेपणी बी येत नव्हतं."

मी शर्ट समोर धरला. कॉलर सरळ करत म्हणाले, "तू फार बेजबाबदारपणे वागलास."

"बाई, ह्ये पोराच्या प्रगतिपुस्तकात लिवायचंय व्हय?"

मला हसू आलं आणि हसतानाच तोंडून निघालं, "अरे, सांगितलं का नाहीस? नेलं असतं ना मी तुला. ओढत नेलं असतं." मग आणखी बरंच बोलले, ते इथे लिहीत नाही. मावशी घड्या घालत राहिल्या. मध्येच म्हणाल्या, "ह्यो निळा ठिवायचा का द्यायचा?"

निळा ठेवला.

बोलून झाल्यावर कळलं, त्याच्यावरचा राग मी इतके दिवस स्वतःवर काढत होते. तुला कसं दिसलं नाही, कसली बायको तू, हे रोज स्वतःला ऐकवत होते, आणि ते काही पुस्तकी मराठीत नव्हतं.

आता राग आला की पोळ्या लाटताना त्याला सुनावते. सुनावल्याने माया आटलेली नाही. स्वतःशी मात्र वर्गातल्या रडणाऱ्या मुलीशी बोलावं तसं बोलते. रोज जमत नाही. ज्या दिवशी जमत नाही, त्या दिवशीही स्वतःला रागावत नाही.