ओल्या देवदाराची भिंत

वीज मंडळातून लाइनमन म्हणून निवृत्त झाल्यावर धालेरामनं एकच गोष्ट मनावर घेतली. बायकोला, सरनाला, आता शिडी चढायला लागता कामा नये. त्यांचं घर शंभर वर्षांचं, दगडाचा एक थर आणि देवदाराच्या तुळयांचा एक थर असं खिळ्याशिवाय रचलेलं. खाली गुरांचा खुड, वर माणसं, आणि सगळ्यात वर चूल. सरनाचे गुडघे गेले होते. मागचा अख्खा हिवाळा ती वरून खाली उतरलीच नव्हती.

मुलगी खालच्या खोऱ्यातल्या सुंदरनगरहून फोन करायची, "आईला इकडे पाठवा."

"तिथं काय, मरायला जाऊ?" सरना म्हणायची.

मग धालेरामनं गाय भावाकडे बांधली आणि खुड घासून धुतला. चूल, पलंग, न्हाणी सगळं तिथंच आणायचं ठरलं. पण उत्तरेच्या कोपऱ्यातल्या खालच्या तीन तुळया शेणामुतानं कुजल्या होत्या. नवं लाकूड हवं, तर वनखात्याचा परवाना आणि गावच्या देवतेचा होकार, दोन्ही हवेत. परवान्याला सात महिने लागले. होकार एका सकाळीच मिळाला. देवता अंगात आलेला गूर म्हणाला, "घे झाड." तेव्हा कार्तिक लागला होता.

गावातल्या घरांचं सुतारकाम आणि गवंडीकाम दोन्ही गावचा थावी, म्हणजे मिस्त्री, लोतराम करायचा. त्यानं नव्या तुळईवर अंगठा दाबला. अंगठा ओला झाला.

"दोन हिवाळे छपराखाली ठेव हिला. मग बोलव मला."

"तोवर सरनाचे गुडघे थांबतील का?"

"लाकूड सुकताना आकसतं, भाऊ. कोपरा बसला की घर तिकडे मान टाकणार."

"देवतेनं हो म्हटलंय."

"झाडाला म्हटलंय. तुझ्या घाईला नाही. जन्मभर बटणं दाबलीस, तुला वाटतं सगळं तसंच होतं."

धालेराम हसला नाही. "तुला जमत नसेल तर शहरातला ठेकेदार आणतो. तो सिमेंट ओतेल."

हे घर लोतरामच्या आजोबांनी रचलं होतं. त्यात सिमेंट जाऊ नये म्हणून त्यानं हत्यारं उचलली. जॅक लावून कोपरा तोलला, कुजलेलं काढलं, ओलं बसवलं. त्याच भिंतीत धालेरामनं सरनाच्या वॉकरसाठी रुंद दार काढून घेतलं. वरून चारा टाकायचं भोक होतं, तेही फळ्या ठोकून बंद केलं. ऊब वर निघून जाऊ नये म्हणून.

मार्गशीर्षात सरना खाली आली. पहिल्या सकाळी ती अंगणात उन्हाला बसून ओरडली, "उठा हो! आज मी तुमच्या आधी बाहेर आलेय!" धालेरामला वाटलं, सगळ्याचं चीज झालं.

तिच्या गुडघ्यांना ऊब मिळावी म्हणून त्यानं पत्र्याची शेगडी उत्तरेच्या भिंतीला लावून ठेवली. रात्रंदिवस ती धगधगायची. पंधरा दिवसांत दार चौकटीला घासायला लागलं. त्यानं रंधा मारला. आठवड्यानं पुन्हा घासलं. पुन्हा रंधा मारला. लोतरामला सांगितलं असतं तर तो काय बोलला असता, हे त्याला ठाऊक होतं. म्हणून सांगितलं नाही.

पौषात तीन दिवस बर्फ पडलं. चौथ्या दिवशी दुपारी धालेराम छपरावरचं बर्फ लोटत होता. खालून कडकन आवाज आला आणि पायाखालच्या, छपराच्या दगडी पाट्या उत्तरेला कलल्या. तो खाली धावला. दाराची चौकट दबून दार गच्च बसलं होतं. शेगडीचा धूर बाहेर नेणारा नळ भिंतीपाशी तुटला होता आणि फटीतून धूर येत होता.

"सरना! दाराशी ये!"

"पडले मी! उठवत नाहीये!"

त्यानं कुऱ्हाड उचलली. हाकाटी ऐकून आलेल्या लोतरामनं त्याचा हात धरला. "चौकट तोडू नकोस! वरचा सगळा भार तिच्यावर आहे. वर चल, फळ्या काढ!"

ज्या फळ्या धालेरामनं चार-चार खिळे मारून बसवल्या होत्या, त्या निघेनात. एकेक खिळा उपटताना तो सरनाला हाका मारत होता. तिसऱ्या फळीनंतर ओ येईना. लोतरामनं भोकातून उतरून तिला दोर बांधला. वर ओढलं तेव्हा ती धुरानं काळीठिक्कर पडली होती. श्वास चालू होता. कमरेचं हाड मोडलं होतं.

चार माणसांनी तिला पाळीपाळीनं पाठीवर घेऊन रस्त्यापर्यंत नेलं. दवाखान्यातून ती थेट मुलीकडे गेली.

चैत्रात लोतरामनं कोपऱ्याला टेकू दिले. छपराच्या पाट्या तो आणि धालेराम उतरवत होते, तेव्हा सरनाचा फोन आला.

"केव्हा येऊ?"

"कोपरा सगळा उतरवावा लागेल," धालेराम म्हणाला. "लाकूड सुकलं की पुन्हा रचायचा."

"किती दिवस?"

"दोन हिवाळे."

मग ती म्हणाली, "माझे कपडे पाठवून द्या. लोकरीचे राहू देत, इथं लागत नाहीत."