फाटकाबाहेर

द्राक्षांची पेटी उघडली की गंधकाच्या कागदाचा तिखट वास नाकात जातो, आणि त्या वासाने माझं डोकं आजही फिरतं. पिंपळगावला काकांचं पॅकहाउस आहे, द्राक्षं निवडून पेट्यांत भरायचं. एका हंगामात मी इंदूरहून सुट्टीवर आले होते. तिथल्या प्रयोगशाळेत सिंक्रोट्रॉन नावाच्या मोठ्या यंत्राच्या क्ष-किरणांत युरेनियमचा कण धरून त्याचे अणू कशाला चिकटून बसलेत ते बघायचं, हे माझं काम. कण सीलबंद असतो आणि तो तिथेच राहतो. नेहमीसारखी टोपी-हातमोजे घालून मी बायकांच्या रांगेत घड साफ करायला बसले, दोन-चार घड झाले, तर काकांनी माझ्या हातातली कात्रीच काढून घेतली. "ऊठ. माल युरोपला चाललाय. तपासणीच्या लॅबमध्ये तुझ्या त्या युरेनियमचं काय घावलं तर अख्खा कंटेनर परत यील." मी म्हणाले, "काका, ते फवारणीच्या औषधाचे अंश तपासतात. माझ्या अंगाला काही लागलेलं नसतं." "लय शिकली म्हणून मला शिकवू नको. फाटकाबाहेर थांब." आणि मी साफ केलेले घड त्यांनी सगळ्यांसमोर कचऱ्याच्या क्रेटमध्ये ओतले. बायका मान खाली घालून कात्री चालवत राहिल्या. मी टेम्पोंच्या धुरात उभी राहिले, चुलतभाऊ न्यायला येईपर्यंत. परवा नाशिकच्या दवाखान्यात काकांच्या हाडांचं स्कॅन झालं. त्यासाठी शिरेत किरणोत्सर्गी औषध टोचतात. नर्स म्हणाली, आज यांच्यापासून जरा लांब बसा. माझ्यासारखीला त्यात घाबरण्यासारखं काही नव्हतं, हे मला पक्कं ठाऊक होतं. तरी मी खुर्ची दारापर्यंत ओढत नेली आणि विचारलं, "इथे चालेल काका, की फाटकाबाहेर जाऊ?"