एका सुपात दोघी

"वाईच सरका गो!" बोटाच्या पेराने फळीवर टकटक करत काकी म्हणायच्या, आणि बाकावर जागा नसली तरी व्हायची. ही आठवण मी कितीतरी वर्षं सांगायची टाळली, कारण एवढं सांगितलं की पुढचंही सांगावं लागतं. तरी आज सगळं लिहूनच उठणार.

रत्नागिरीजवळच्या एका काजू कारखान्यात मी मॅनेजर होतो आणि काकी बायांच्या मुकादम. तुम्ही असा कारखाना पाहिला नसेल, तर सांगतो. काही बाया बी फोडतात, काही आतल्या गराची साल काढतात. फोडणाऱ्यांचे हात टरफलाच्या तेलाने काळे पडतात, सोलणाऱ्यांचे स्वच्छ राहतात. तेवढ्यावरून दोन तट पडायला वेळ लागत नाही. काकींनी ते पडू दिले नव्हते. चहाला एक काळा हात, एक गोरा हात, अशाच सगळ्यांना बसवायच्या. कुणी नाक मुरडलं की म्हणायच्या, "उद्या तू फोडायला बस हां. मेंदी फुकट!"

आणि भांडण झालं, की त्यांचं ते सूप निघायचं. भांडलेल्या दोघींनी राखेने हात घासून समोरासमोर बसायचं. मध्ये एकच सूप, त्यात अख्खे गर आणि तुकडे मिसळलेले. दोघींनी मिळून निवडायचे.

"बोलायची सक्ती नाय," काकी बजावायच्या.

थोड्या वेळाने एक फणकारायची, "हात काढ की गो!"

"तुझाच मधे येतोय!"

मग कुणीतरी पाणी मागायची, दुसरी द्यायची. काकी मला डोळ्यांनी खुणावायच्या, "साहेब, सुटली गाडी."

मला मात्र यात वेळ फुकट जातोय असं वाटायचं. मी फोडणाऱ्या आणि सोलणाऱ्या यांच्यामध्ये प्लायवूडची भिंत घातली. चहाच्या वेळाही वेगळ्या केल्या.

काकी म्हणाल्या, "साहेब, एकमेकींची तोंडं दिसूद्यात. नायतर काम बिघडेल."

मी म्हणालो, "काकी, हा कारखाना आहे, हळदीकुंकू नाही."

त्या म्हणाल्या तसंच झालं. गर तुटलेला आला की सोलणाऱ्या भिंतीकडे बोट दाखवायच्या. भिंतीपलीकडून उत्तर यायचं, "आमच्याकडनं अख्खा गेला. तुमीच नखं लावलीत!" दोष पलीकडे ढकलायची सोय झाल्यावर कुणीच जपून हात चालवेना. तुकड्यांचे डबे भरू लागले. मालक आले. सगळ्या बायांसमोर त्यांनी विचारलं, "हे कुणामुळे?"

मी म्हणालो, "काकींचा वचक राहिला नाही."

भिंतीचं नाव मी घेतलं नाही. काकी माझ्याकडे बघत राहिल्या. मालकांनी त्यांचं मुकादमपण तिथल्या तिथे काढून घेतलं. काकींनी पदर खोचला, फोडणाऱ्यांच्या रांगेपाशी गेल्या आणि फळीवर टकटक केली. "वाईच सरका गो."

पुढे दुरुस्तीचं निमित्त करून मी ती भिंत गुपचूप काढली. काकींना मात्र त्यांची जागा परत दिली नाही. द्यायची तर कारण सांगावं लागलं असतं.

निवृत्त झाल्यावर एकदा मनाशी ठरवून त्यांच्या गावी गेलो. काय बोलायचं ते एसटीत घोकत होतो. काकी पडवीत कुळीथ निवडत बसल्या होत्या. बोटं अजून काळवंडलेलीच.

"या साहेब. सूनबाय, वाईच सरक गो."

मी बसलो. सून चहा ठेवायला आत गेली. काकींनी सूप सरकवून आमच्या दोघांच्या मध्ये ठेवलं.

मला कळायचं ते कळलं. मी खडे निवडू लागलो. त्या काही विचारत नव्हत्या, घाईही करत नव्हत्या. माझा हात त्यांच्या हाताला लागला.

"हात काढा की," त्या हसून म्हणाल्या.

सुरुवात त्यांनीच करून दिली होती. घोकलेलं वाक्य ओठावर आलं, आणि मी म्हणालो, "पाणी मिळेल?"

पाणी प्यायलो, चहा घेतला. सुपातले कुळीथ संपले. एसटीची वेळ झाली.

काकींच्या सुपाशी बसून मनातलं बोलल्याशिवाय उठलेला माणूस बहुधा मी एकटाच. आता काकी नाहीत. वाक्य तेवढं राहिलं आहे, एसटीत घोकलं होतं तसंच:

काकी, ती भिंत माझी होती. तुकडेही माझेच होते. मला माफ करा.