मास्तरांना दिलेला इसार

टाळेबंदीत मी नायगावच्या फ्लॅटला कुलूप लावलं आणि नंदाखालला बाबांकडे राहायला आले. फ्लॅटमध्ये एकटी राहिले असते तर भिंतींशी भांडले असते. इथे निदान बाबा होते. ऐंशीच्या घरातले, कानाने जरा मंद, जिभेने मुळीच नाही. मी लॅपटॉपवर ऑफिसचं काम करत बसले की मागे येऊन उभे राहायचे आणि विचारायचे, "यातून पगार कुठल्या बाजूने पडतो?" आमच्या घरची बोली इथे जशीच्या तशी लिहिली तर वसईबाहेर फारशी कोणाला कळायची नाही, म्हणून त्यांचं बोलणं सरळ करून लिहितेय. ठसका थोडा कमी होणार, त्याला इलाज नाही.

त्या वर्षी लग्नं जवळजवळ झालीच नाहीत. जी झाली ती मोजक्या माणसांत, तोंडं बांधून, बँडशिवाय. आम्हा वसईच्या ख्रिस्ती लोकांत लग्नाला बँड हवा, सणाला हवा आणि मयतालाही हवा. सगळंच थांबलं, तसे बँडवालेही घरी बसले. कोणी हातगाडीवर भाजी विकू लागला, कोणी दुसऱ्यांच्या वाडीत नारळ उतरवू लागला. बँडमास्तरांच्या गुडघ्यांना यातलं काहीच झेपणारं नव्हतं. ते राहायचे मिठागरांकडच्या गावात, पण आमच्या घरातली सगळी लग्नं त्यांनीच वाजवलेली. एक दिवस चर्चमध्ये गाणाऱ्या शेजारणीने बातमी आणली की मास्तरांनी ट्रम्पेट विकायला काढलंय आणि रविवारी बोरिवलीचं गिऱ्हाईक येऊन ते घेऊन जाणार आहे. ट्रम्पेट गेलं की मास्तर पुन्हा उभे राहणार नाहीत, आणि मास्तरांशिवाय तो बँडही राहणार नाही, हे आम्हाला दोघींनाही कळत होतं.

आम्ही आळीतल्या घरांतून पैसे गोळा केले. लोकांनी हात आखडता घेतला नाही, हे मुद्दाम सांगायला हवं. पाकीट घेऊन मी स्कूटरवरून मास्तरांकडे गेले. त्यांनी मला ओट्यावर बसवलं, कोरा चहा दिला आणि पाकीट उचलून परत माझ्याच पर्सवर ठेवलं.

"काय वाजवलं मी, ताई? वाजवल्याबिगर पैशे कशे घेऊ?"

"अहो मास्तर, मदत आहे ही. सगळीकडे चाललीय."

"ज्यांना पायजे त्यांना द्या. मना नको."

असा राग आला मला! घरात चहाला दूध नाही आणि ऐट बघा, असं पुटपुटत मी घरी आले आणि बाबांसमोर तेच मोठ्याने बोलून दाखवलं. बाबा केळीची पानं पुसत बसले होते. त्यांनी मास्तरांना सोडलं आणि मलाच धरलं.

"दान करायला गेलीस आणि वर त्याच्यावरच चिडतेस? बँडवाल्याला आधी पैसे द्यायची रीत आहे ना आपल्यात. इसार द्यायचा. तारीख सांगायची, इसार हातावर ठेवायचा, तो खिशात घालतो. त्यात कोणाचे उपकार नाहीत."

"पण लग्न कोणाचं आहे आपल्या घरात?"

"ते मी बघतो."

दुसऱ्या दिवशी स्कूटरवर मागे बसून बाबा मास्तरांकडे निघाले. मास्क हनुवटीखाली, पाकीट शर्टाच्या आत. ओट्यावर टेकल्या टेकल्या म्हणाले, "मास्तर, माझ्या मयताचा इसार घे."

मास्तरांनी दोन्ही हात पाठीमागे नेले.

"मयताचा इसार नाय घेत, बाबा. मयत झाला का आमी येतोच. बोलवायला पन लागत नाय. इसार घेतला तर आमी वाट बघत बसल्यासारका होईल."

ही रीत बाबांना माहीत नव्हती असं नाही. घाईत विसरले असतील, किंवा आपल्या मरणाला कोण नाही म्हणणार, असा त्यांचा हिशेब असेल. त्यांनी पाकीट पुन्हा शर्टाच्या आत सरकवलं. मी उठू का, असा विचार करत होते, तेवढ्यात म्हणाले, "मग माझ्या लग्नाचा घे."

मास्तरांनी माझ्याकडे पाहिलं. मी बाबांकडे.

"पन्नास वर्षं होतील. येत्या जानेवारीत नाही, त्याच्या पुढच्या. सुवर्णमहोत्सव करायचाय."

आईला जाऊन तेव्हा बरीच वर्षं झाली होती. तिच्या मयताला पुढे हेच मास्तर वाजवत चालले होते. ते चाचरत म्हणाले, "बाबा, पन माई तर..."

"ती कुठे आहे ते मला माहीत आहे. ती गेली. लग्न कुठे मोडलंय?"

मास्तरांनी उजवा तळवा लुंगीला पुसला आणि पुढे केला. मी रस्त्याकडे तोंड फिरवून उभी राहिले, कारण मला रडू येत होतं आणि बाबांना ते आवडत नाही.

बोरिवलीच्या गिऱ्हाइकाला मास्तरांनी नको म्हणून कळवलं. मग काय, सगळी आळी इसार द्यायला लागली. कोणी सहावीतल्या मुलाचं लग्न ठरवलं, कोणी पाया न घातलेल्या घराचा आशीर्वाद, म्हणजे आमच्याकडची वास्तुशांत. मास्तर प्रत्येकाला खडसावून तारीख विचारायचे. लोक हसू दाबत तारीख द्यायचे, आणि मास्तरांच्या घरी पुन्हा दूध येऊ लागलं.

पुढे निर्बंध उठले, लग्नं सुरू झाली, मी नायगावला परतले. तो इसार मी मदतीच्या खात्यात जमा करून विसरूनही गेले होते. म्हणून त्या जानेवारीत मास्तरांचा फोन आला, "उद्या किती वाजता येऊ?" तेव्हा मी म्हणाले, "अहो, ते आपलं नुसतं..." ते हळूच म्हणाले, "इसार घेतलाय मी, ताई." मी बाबांना फोन लावला. त्यांचा कोट कधीच इस्त्रीहून आला होता.

सकाळी बँड अंगणात उभा राहिला. लाल कोटांचा रंग उडालेला, एकाचं बटण तुटलेलं. बाबा कोट घालून, दाढी करून आधीच बाहेर येऊन थांबले होते. आमच्याकडे नवरी उंबऱ्याबाहेर येईपर्यंत बँड दारात उभा राहून वाजवतो. ती आली की मग चर्चकडे चालू लागतो. महोत्सवालाही तेच. मास्तरांनी सूर लावला आणि सवयीने नजर दाराकडे ठेवली. गाणं संपलं, पुन्हा सुरू झालं, पुन्हा संपलं. दारात कोणी नव्हतं. वाजवणारे एकमेकांकडे बघू लागले. मास्तरांनी ट्रम्पेट खाली घेतलं. आता हे आपणच थांबवायला हवं, म्हणून मी हात वर करत पुढे झाले.

"राहू दे गं," बाबा म्हणाले. त्यांचेही डोळे दाराकडेच होते. "तयार व्हायला तिला वेळ लागायचाच. वाजव, मास्तर."